बिडे सीटची धार पुन्हा पुन्हा मंद होते? सीट उघडण्याआधी पाणी तपासा

बिडे सीट म्हणजे कमोडवर बसवायची, पाण्याची धार सोडून धुऊन देणारी विजेवरची सीट. नवी सीट बसते तेव्हा धार अगदी हवी तशी असते. काही महिने जातात आणि ती हळूहळू मलूल होते. कंपनीचा माणूस येतो, नोझल म्हणजे धार सोडणारी बारीक नळी पुसतो, जाळी धुतो, पैसे घेतो. धार परत येते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच रड. इलेक्ट्रिक बिडे सीट वापरणाऱ्या ओळखीपाळखीच्या घरांतून मला सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे. बहुतेक वेळा सीट बिघडलेली नसतेच. तिला मिळणारं पाणी चुकीचं असतं, कमी दाबाचं असतं किंवा क्षारांनी भरलेलं असतं. ते न सुधारता सीट कितीदाही साफ केली तरी दुखणं परत येणारच.

आमच्याकडे ही सीट आईसाठी घेतली. संधिवातामुळे ज्यांचा हात मागे पोचत नाही, ज्यांना मूळव्याधीचा त्रास आहे, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांना ही वस्तू स्वतःचं स्वतः आवरण्याची मोकळीक देते. म्हणून ती घरात बसवून बंद पडून राहणं मला फार खटकतं.

धार कशी मंद झाली, ते आधी आठवा

पहिल्या दिवसापासूनच कमी होती, एका दिवसात अचानक गेली, की महिन्यागणिक उतरत गेली? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या दिशांना नेतात.

पहिल्या दिवसापासून कमी असेल तर दाब बघा. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.०५ मेगापास्कल लिहिलेला असतो. प्लंबरच्या भाषेत हा ‘अर्धा किलो प्रेशर’. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो आणि दहा मीटर उंचीला साधारण एक किलो असा हिशेब असतो. म्हणजे अर्ध्या किलोसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी सीटच्या वर किमान पाच मीटर हवी. आता सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. टाकी डोक्यावरच्या स्लॅबवर ठेवलेली, मध्ये जेमतेम तीन-चार मीटर. त्यातून पाइपाच्या वळणांत थोडा दाब जातो तो वेगळाच. अशा घरात कितीही महागडी सीट आणली तरी धार कमीच लागेल. खालच्या तीन-चार मजल्यांवर तीच सीट उत्तम चालते, म्हणून शेजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबू नका.

दाब मोजायला वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. आरओ दुरुस्त करणाऱ्या बऱ्याच जणांकडे प्रेशर गेज असतो. तो हेल्थ फॉसेटच्या, म्हणजे कमोडशेजारच्या हातात धरायच्या फवाऱ्याच्या, अँगल कॉकला (भिंतीतून पाणी येतं तो छोटा कॉक) लावून दोनदा वाचून घ्या, एकदा टाकी भरलेली असताना आणि एकदा सकाळी सगळी बिल्डिंग पाणी वापरत असताना. दुसरा आकडा खरा धरायचा.

दाब कमी निघाला की दुकानदार छोटा बूस्टर पंप पुढे करतो. तो घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे पैसे हमखास वाया जातात. स्वस्तातले बरेच बूस्टर पंप फ्लो स्विचवर चालतात. पाइपातून मिनिटाला एक-दोन लिटर पाणी वाहू लागलं की मगच ते सुरू होतात. बिडे सीटची धार मात्र मिनिटाला साधारण अर्धा ते एक लिटर एवढंच पाणी घेते. पंपाला कुणी नळ उघडल्याचं कळतच नाही आणि तो गप्प बसून राहतो, नाहीतर क्षणाक्षणाला चालू-बंद होऊन ठकठक करतो. बिडे सीटसाठी प्रेशर स्विचवर, म्हणजे दाब उतरला की सुरू होणारा आणि सोबत छोटी प्रेशर टाकी असलेला पंप लागतो. दुकानात नेमके हेच शब्द वापरून विचारा.

उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर उलटा प्रकार होऊ शकतो. साठ मीटर वरून पाणी आलं तर दाब सहा किलोच्या घरात जातो. चांगल्या इमारतीत मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, पण ते बिघडलेले असले तर सीटच्या जोडणीतून थेंब थेंब गळू लागतं. वॉशर बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी दाब मोजून घ्या आणि मगच सीटला नावं ठेवा.

अचानक गेलेली धार

काल होती, आज नाही, असं झालं तर सोसायटीत टाकी धुतली का, टँकर बदलला का, रस्त्यावरची लाइन फुटली होती का, हे विचारा. पाणी आत जातं तिथे, म्हणजे सीटकडे पाणी वळवणाऱ्या टी-व्हॉल्व्हमध्ये किंवा सीटच्या तोंडाशी, बारीक जाळी असते. टाकी ढवळली गेली की तळाचा गाळ थेट तिथे येऊन बसतो. प्लग काढा, अँगल कॉक बंद करा, खाली टमरेल धरून पाइप सोडा, जाळी हलक्या हाताने बाहेर काढून जुन्या टूथब्रशने धुवा. परत बसवताना पाइप आधी बादलीत धरून थोडं पाणी वाहू द्या, म्हणजे पाइपात अडकलेला गाळ पुन्हा त्याच जाळीवर येणार नाही. प्लॅस्टिकची चकती हातानेच आवळा. पान्याने पिळली की आटे जातात आणि मग पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

जाळी दर दोन महिन्यांनी गाळाने भरत असेल तर जाळीच्या अलीकडे एक छोटा सेडिमेंट फिल्टर बसवा. पण दाब आधीच कमी असेल तर तो फिल्टर उरलेला दाबही खातो, म्हणून आधी दाबाचं बघायचं आणि फिल्टरचं नंतर.

सीट कुठल्या लाइनवर जोडली आहे?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि बहुतेकांना उत्तर ठाऊक नसतं. बॉक्समध्ये येणारा टी-व्हॉल्व्ह फ्लश टँकच्या कॉकवर बसवण्यासाठी बनवलेला असतो. जिथे घरात पाण्याची एकच लाइन असते तिथे ते बरोबर आहे. आपल्याकडच्या अनेक नव्या संकुलांत मात्र दोन लाइन असतात. आंघोळ, बेसिन आणि हेल्थ फॉसेटला एक पाणी, आणि फ्लशला दुसरं. ते दुसरं पाणी सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातून प्रक्रिया होऊन आलेलं असतं किंवा थेट बोअरचं असतं. प्लंबर माहितीपुस्तिकेतलं चित्र बघतो, फ्लश टँकच्या कॉकला टी लावतो आणि निघून जातो. त्यानंतर घरातली माणसं सांडपाण्यातून आलेल्या पाण्याने अंग धुतात, तेही अनेकदा जखम किंवा टाके असलेल्या जागी. हे कुठल्याही परिस्थितीत चालता कामा नये.

तपासणं सोपं आहे. पाइपांच्या डक्टमधला फ्लशच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायला लावा. हेल्थ फॉसेटला पाणी येत राहिलं आणि सीटचं थांबलं, तर सीट चुकीच्या लाइनवर आहे. सोसायटीचा मॅनेजर किंवा पंपवाले काका हे तोंडी सांगू शकतील, तरी स्वतः करून बघाच. उपाय स्वस्त आहे. हेल्थ फॉसेटचा अँगल कॉक काढून तिथे टू-वे अँगल कॉक लावायचा, एका तोंडाला फॉसेट आणि दुसऱ्याला सीट. भिंतीत दडवलेला फ्लश टँक असेल तर तसाही हाच मार्ग उरतो. फॉसेट काढून टाकू नका, वीज गेली की तोच कामाला येतो. आणि सीटला गिझरचं गरम पाणी जोडायचं नाही, आतले भाग आणि सेन्सर गार पाण्यासाठीच बनवलेले असतात.

महिन्यागणिक उतरत गेलेली धार

हे क्षारांचं काम. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारं पाणी तुलनेने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. पुण्यात धरणाचं पाणी मिळतं तिथे ठीक चालतं, पण वाघोली, हिंजवडी, उंड्री अशा टँकर आणि बोअरवर विसंबलेल्या भागांत सीटचे हाल होतात. मराठवाड्यातल्या बोअरबद्दल तर सांगायलाच नको. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. माणसाला चालणारं हे पाणी गरम करणाऱ्या यंत्राला चालतंच असं नाही. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो आणि हीटरवर, व्हॉल्व्हमध्ये, नोझलच्या टाचणीएवढ्या भोकांत चिकटतो. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर पाहिला असेल तर सीटच्या पोटात काय चाललं असेल याची कल्पना येईल.

अशी सीट मुळात ज्या घरांसाठी आकाराला आली, ती घरं वेगळी होती. तोतो या जपानी कंपनीने १९६४ मध्ये अमेरिकी सीट आयात करून विकायला सुरुवात केली, रुग्णालयं आणि आजारी माणसं नजरेसमोर ठेवून. स्वतःची ‘वॉशलेट’ तिने १९८० मध्ये बाजारात आणली. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ, संडास न्हाणीघरापासून वेगळा आणि कोरडा. आपल्याकडे पाणी जड, टाकी गच्चीवर आणि कमोडच्या शेजारीच आंघोळ. खाली येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच फरकातून निघतात.

नोझल साफ करायची रीत अशी. बहुतेक सीटमध्ये नोझल बाहेर काढून ठेवायचं बटण असतं. ते दाबा, नोझल बाहेर आलं की प्लग काढा. अर्ध्या लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, त्यात कापूस भिजवून नोझलच्या टोकाभोवती गुंडाळा आणि अर्धा तास ठेवा. मग मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने पुसून घ्या. सुई किंवा टाचणी भोकात घालू नका, भोक मोठं झालं की धार फाकते आणि मग कधीच सरळ येत नाही. काही मॉडेलमध्ये नोझलचं टोक सुटं मिळतं आणि हातानेच बदलता येतं. पाणी जड असेल तर सीट घेतानाच दोन-तीन टोकं जास्तीची घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

सीटच्या आतल्या गरम पाण्याच्या टाकीत लिंबूसत्व घालायचं की नाही, हे माहितीपुस्तिका सांगेल तेवढंच करा. तिथे परवानगी नसेल तर आत काही ओतू नका. टाकी रिकामी करायचा बूच असेल तर पाणी सोडून गाळ काढता येतो, पण पुन्हा पूर्ण भरल्याशिवाय प्लग लावू नका. कोरडा हीटर तापला की जळतो.

पुन्हा पुन्हा साफ करण्यापेक्षा क्षार बसूच न देणं बरं. वॉशिंग मशीनच्या नळाला लावतात तो पॉलिफॉस्फेटच्या खड्यांचा छोटा फिल्टर सीटच्या लाइनवरही बसतो. तो पाणी मऊ करत नाही, पण क्षार चिकटण्याचा वेग कमी करतो. खडे विरघळत जातात, ते वेळेवर भरावे लागतात. पाणी फारच जड असेल तर मिठाने धुवायचा रेझिनचा सॉफ्टनर हाच खरा उपाय, आणि तो बसवायचाच तर गिझर आणि शॉवरसकट पूर्ण बाथरूमला बसवा.

संडास साफ करायचं निळं ॲसिडयुक्त औषध आणि ही सीट यांचं अजिबात जमत नाही. भांड्यात औषध टाकून झाकण लावून ठेवलं की आतली वाफ सीटच्या पोटात जाते, धातूचे भाग आणि सर्किट खाते. औषध टाकायचंच तर सीट आणि झाकण दोन्ही वर उघडं ठेवा, दोन-तीन मिनिटांत फ्लश करा आणि नंतरही थोडा वेळ उघडंच राहू द्या. सीटवर थिनर किंवा तीव्र ॲसिड लावू नका, प्लॅस्टिकला बारीक चिरा पडतात. ओलं मऊ फडकं आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे स्वतः दाखवून द्या. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं आणि त्या बिचाऱ्या जोरात स्वच्छता करत असतात.

आरसीसीबी पडत असेल तर

आरसीसीबी म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. तो पडणं हा धारेनंतरचा दुसरा नेहमीचा त्रास, पावसाळ्यात जास्त. इथे घाई करू नका. पडलेला स्विच पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, तो जीव वाचवायला बसवलेला आहे. सीटचा प्लग काढा आणि मग आरसीसीबी वर करून बघा. तरीही पडला तर दोष सीटमध्ये नाही, वायरिंगमध्ये, सॉकेटच्या ओलीत किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणात आहे. प्लग लावताक्षणी पडत असेल तर सीटच्या आत पाणी शिरलं असावं. आणि पाणी गरम व्हायला लागल्यावरच पडत असेल तर हीटरवर संशय घ्या. क्षारांच्या थराखाली हीटर जास्त तापतो, त्याचं आवरण तडकतं आणि करंट पाण्यात उतरू लागतो. अशी सीट दुरुस्त होईपर्यंत वापरायची नाही, ‘गरम पाणी बंद करून वापरू’ असाही विचार नको. गिझर आणि सीट एकाच आरसीसीबीवर असतील तर गिझर बंद ठेवूनही एकदा तपासा, दोघांची थोडी थोडी गळती मिळून ३० मिलीअँपिअरचा स्विच पाडू शकते.

सीटवर ‘आयपीएक्स४’ लिहिलेलं असतं ते बघून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ शिंतोडे सहन होतील एवढाच. हेल्थ फॉसेटची जोरदार धार मारून धुणं त्यात बसत नाही. कमोडच्या शेजारीच बादली घेऊन आंघोळ होत असेल तर मध्ये काचेचा किंवा निदान पडद्याचा आडोसा करा. सॉकेट कमरेच्या वर आणि झाकणाचं घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाथरूममध्ये आणूच नका.

अजून विकत घ्यायची असेल तर

गरम पाण्याची व्यवस्था दोन प्रकारची असते. एकीत लहानशी टाकी, हीटर साधारण चार-पाचशे वॉटचा. ती सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर चालते, पण गरम पाणी अर्धा-एक मिनिट पुरतं आणि मग गार येतं. हा बिघाड नाही, तिची क्षमताच तेवढी. दुसरी पाणी येईल तसं तापवते, हीटर बारा-चौदाशे वॉटचा किंवा त्याहून जास्त, आणि तिला सोळा अँपिअरचाच पॉइंट हवा. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर ती चालणार नाही, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या गावात सीट इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडू नका. मला स्वतःला जड पाण्याच्या घरासाठी नोझलचं टोक बदलता येणारं साधं मॉडेल पसंत आहे. सुगंध, निळा दिवा, आपोआप उघडणारं झाकण यांवर पैसे घालण्याऐवजी पंपावर आणि फिल्टरवर घाला.

माप घेताना झाकणाचे बोल्ट जिथे बसतात त्या दोन भोकांमधलं अंतर आणि तिथून पुढच्या कडेपर्यंतची लांबी लिहून घ्या. भोकांतलं अंतर बहुधा १४ ते १५.५ सेंटीमीटर असतं. चौकोनी कडेच्या भिंतीवरच्या कमोडवर गोलसर सीट बसते खरी, पण हलते आणि बाजूने फट दिसते. जपानमध्ये राहून परतणारे काही जण तिथली सीट सोबत आणतात. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावला तर ती त्याच क्षणी जाईल, आणि बाथरूममध्ये दीड-दोन किलोवॉटचा ट्रान्सफॉर्मर ठेवण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. काही सीटच्या माहितीपुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. त्याच्या वर गेलं की सीट धार देत नाही किंवा दिवा लुकलुकवते. ती बिघडली असं समजून तक्रार नोंदवण्याआधी सकाळी लवकर चालवून बघा. टाकीवर सावली केली की बऱ्याच अंशी भागतं.

‘बसलं तरी चालू होत नाही’ ही तक्रार बहुधा सेन्सरची. सीटवर कापडी कव्हर चढवलं असेल तर काढा, सेन्सरच्या जागी पाणी साठलं असेल तर कोरडं पुसा, आणि बारीक अंगाच्या वयस्कर माणसांना जरा मागे सरकून बसायला सांगा. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीची जाणीव कमी झाली आहे त्यांच्यासाठी सीटची ऊब बंदच ठेवा, बराच वेळ बसलं तर कोमट वाटणाऱ्या उष्णतेनेही भाजतं. धार मध्यम ठेवून दहा-वीस सेकंद पुरेत.

तक्रार नोंदवताना फक्त ‘धार कमी आहे’ एवढं सांगू नका. दाब किती किलो, पाणी कुठल्या लाइनचं, जाळी केव्हा धुतली, धार अचानक गेली की हळूहळू, हे सांगितलं की येणारा माणूस योग्य भाग घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते. सात-आठ वर्षं झालेल्या सीटवर मोठा खर्च करण्याआधी हेही लक्षात घ्या की जपानमध्ये साधारण दहा वर्षांनंतर सीट तपासून बदलण्याचाच सल्ला दिला जातो. आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना प्लग काढून अँगल कॉक बंद करा. परत आल्यावर पहिली धार तशीच भांड्यात जाऊ द्या, बसायचं त्यानंतर.